माझ्या नावानं दिलेली उत्तरं

वाळूजच्या बजाजनगरात माझी खानावळ हाये, अन् खानावळवालीला 'नाय' म्हणून भागत नसतं. डबा हाये का मावशी? व्हय. तिखट कमी टाकाल का? व्हय. आज उशीर झाला तर भाकरी झाकून ठेवाल का? व्हय बाबा, व्हय. नाय म्हणलं की गिऱ्हाईक शेजारच्या गल्लीत जातं. दिसभर मोबाईलवर असलेच मेसेज येणार, अन् खाली माझं व्हय. वच्छलाबाईचं व्हय सगळ्या वाळूजला ठावं हाये.

नाय म्हणायला शिकले ते तनुजामुळं. पोरगी माझ्याकडं वरच्या खोलीत ऱ्हायाची अन् एका कंपनीत पॅकिंगला जायची. सासर दौलताबादच्या बाजूला. नवरा विश्वजीत, बोलायला साखर, अन् घरात शिरला की कमरेचा पट्टा काढायचा. एकदा तिचा हात मोडला, तर स्वतःच दवाखान्यात घेऊन गेला अन् डॉक्टरला म्हणला, जिन्यावरून पडली. माहेरच्यांनी समजूत घालून परत धाडली. प्लास्टर निघालं अन् पोरगी कुणाला न सांगता इथं आली. पहिल्याच दिवशी मला म्हणली, "मावशी, तो हुडकत येईल. सापडले तर ह्या खेपेला जिवंत सोडायचा नाय."

मी म्हणले, "बाई, तुझं नाव माझ्या तोंडातून निघायचं नाय."

अन् आलाच की त्याचा फोन. खानावळींच्या पाट्यांवरचे नंबर बघून सगळ्यांना विचारीत सुटला होता. मी ठणकावून सांगितलं, असली कुणी पोरगी आपल्याकडं जेवत नाय. खोटं बोलले, अन् लई बरं वाटलं.

मग एक दिवस सकाळपासून मोबाईल गप होता. एरवी सारखा टुणटुण वाजतो, भाकरी थापू देत नाय. मला वाटलं नेट गेलं असंल. दुपारच्या पंगतीला सत्यम नावाचा एक फिटर ताटावर बसला अन् म्हणला, "मावशी, शेवभाजी कुठंय?"

"कसली शेवभाजी? आज वांगं हाये. गप गिळ."

"अवो तुम्हीच म्हणलात ना," म्हणून त्यानं मोबाईल पुढं धरला. आज शेवभाजी आहे का, असं त्यानं विचारलेलं. खाली माझं नाव, माझा फोटू, अन् उत्तर: व्हय, हाये की, ये जेवायला.

माझे हात पिठात. मोबाईल पार फडताळात. मी कवा लिहिलं हे? सत्यमला दोन शिव्या घातल्या, पण जीव काय थाऱ्यावर ऱ्हायना. तशीच पिठाच्या हातानं समोरच्या रिझवानच्या मोबाईल शॉपीत गेले.

रिझवाननं बघितलं अन् हसला. "मावशी, रात को अपडेट आया ना. नवीन सोय दिली त्यांनी. तुमच्या जुन्या चॅट वाचून तुमच्यावानीच उत्तर देतं. तुम्हाला त्रास नको म्हणून घंटीबी वाजवत नाय."

"घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. मी मागितली होती का ही सोय?"

"विचारत नसतात, मावशी. आपोआप चालू व्हतं. बंद करायचं तर आपण हुडकायचं." तो बोट फिरवत खाली खाली गेला अन् थांबला. त्याचं हसू गेलं. "ये विश्वजीत कौन है?"

मी मोबाईल डोळ्यांजवळ घेतला.

नमस्कार मावशी. तनुजा आपल्याकडेच जेवते ना?
व्हय.
आत्ता कामावर असेल?
व्हय, पहिली पाळी हाये तिची. सुटली की कंपनीच्या बसनं चौकात उतरती.
भेटायला येऊ का?
या की. जेवूनच जा.

जेवूनच जा. अक्षरशः माझंच बोलणं. डबा कवा भरायचा, बस कवा येती, हे मी अन् तनुजा रोज त्या मोबाईलवर बोलायचो. त्या मेल्या अपडेटनं सगळं वाचून ठेवलं होतं. मी असते तर खोटं बोलले असते. कुणाशी खोटं बोलायचं हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

तनुजाला फोन लावला. बंद. कंपनीत मोबाईल गेटवरच जमा करून घेतात, पाळी सुटल्याबिगर देत नाय. रिझवान म्हणला, "थांबा, आधी हे बंद करतो, बटण कुठंय बघू द्या." बस यायची वेळ झालेली, थांबायला मला कुठला दम? मोबाईल त्याच्या हातातून हिसकला अन् चौकाकडं पळत सुटले. माझं डोकं असं हाये. तापलं की कुणाचं ऐकत नाय.

चौकात विश्वजीत आधीच उभा होता. इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्याचा पुडा. मला बघून हात जोडले. "वच्छलामावशी ना? फोटू बघितला तुमचा. लई उपकार झाले."

"चालता हो इथनं," मी म्हणले. "ती इथं ऱ्हात नाय."

"मावशी," तो हळूच म्हणला, "तुम्हीच तर बोलावलंत."

तेवढ्यात बस आली. तनुजा उतरली, अन् तिला काय दिसलं? तो, अन् त्याच्या खांद्याला खांदा लावून उभी मी. तिनं त्याच्याकडं बघितलंच नाय. माझ्याकडं बघितलं.

मी बोंब ठोकली. बसमधली पोरं उतरली, मागनं रिझवान धावत आला अन् त्यानं विश्वजीतची गचांडी धरली. "बायको हाये माझी," तो म्हणला, तशी दोन-चार पोरं मागं सरकली. पण रिझवाननं सोडलं नाय. शेवटी विश्वजीतनं हिसका देऊन कॉलर सोडवली, नीट केली, पुडा माझ्या हातात दिला अन् म्हणला, "घाई नाय मावशी. आता पत्ता ठावा झालाय." अन् गाडीला किक मारून गेला.

घरी येऊन तनुजा पिशवी भरायला लागली. मी सगळं सांगितलं, अपडेट, रिझवान, सगळं. तिनं नुसता तिचा मोबाईल माझ्यापुढं धरला. गेटवरनं निघताना तिनं मला विचारलं होतं, मावशी, येऊ ना? आज मन घाबरं व्हतंय. खाली माझं उत्तर होतं. ये की, काय व्हत नाय.

"ते मी नाय लिहिलं गं."

"ठावं हाये, मावशी."

"रिझवाननं बंद केलंय आता ते."

"परत चालू करताना तुम्हाला विचारतील?"

तिनं चपला घातल्या. "कुठं चाललीस, एवढं तरी सांग," मी म्हणले. "कुणाला नाय सांगायची. मोबाईलला हातसुदिक लावायची नाय."

ती खाली वाकली अन् माझ्या पाया पडली.

"नको मावशी. तुम्हाला कळलं की त्याला कळंल."

मी दारातून बाजूला झाले अन् तिला जाऊ दिलं.