कोचरेकरांचा पाट

कोचरेकरांच्या घरातलं सगळं लाकूड वाळवीनं आषाढातच संपवलं आणि घर होतं तसंच उभं राहिलं. रंग शिल्लक होता. दारांचा निळा, चौकटींचा तपकिरी, वाशांचा काळा. दरवर्षी शिमगा झाला की तेलरंगाचा एक हात द्यायचा, हा कोचरेकरांचा नेम. वाळवी रंग खात नाही. त्यामुळे खाण्यासारखं होतं ते ती खाऊन गेली आणि दिसण्यासारखं होतं ते जागच्या जागी सोडून गेली.

त्यांनी काही करायचं बाकी ठेवलं होतं अशातला भाग नाही. आंबेखोल गावात पावसाळ्यात मिठाचं पाणी होतं, चपलांना बुरशी येते, भिंतींना घाम फुटतो. तिथं लाकूड सांभाळणं म्हणजे तान्हं मूल सांभाळणं. वाशांना काजूच्या टरफलांचं तेल झालं होतं, होडीला लावतात ते. चौकटींना भोकं पाडून औषध टोचून झालं होतं. त्या औषधाचा वास घरात अजून यायचा, चौकटी तेवढ्या नव्हत्या. कौलं नुसत्या रंगावर कशी राहिली हे घरात कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती खाली आली असती.

घरात माणसं दोनच, अनंत कोचरेकर आणि त्यांची बायको मालन. कोचरेकर एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. उभी हयात त्यांनी लाउडस्पीकरवर गाड्या सोडल्या, आणि न आलेल्या गाड्यांबद्दल 'लवकरच येत आहे, कृपया सहकार्य करावे' असं सांगितलं. लोक सहकार्य करायचे. निवृत्त झाल्यावरही त्यांची भाषा स्पीकरवरचीच राहिली. सगळा गाव मालवणीत बोले, कोचरेकर बायकोशीसुद्धा शुद्ध बोलत.

मालन दार दोन बोटांनी उघडायला शिकली. पलंगावर बसताना दोघंही दुसऱ्याच कशाचा तरी विचार करत बसायची, म्हणजे वजन पडत नसे. शिंक आली तर परसात जाऊन द्यायची. आल्यागेल्याला कोचरेकर पडवीच्या पायरीवरच बसवत. "इथं वारा छान लागतो," म्हणत. वारा नसायचा.

एकदा तिन्हीसांजेला भिंतीच्या फटीतून पंख फुटलेल्या वाळवीचा लोट निघाला आणि दिव्याभोवती फिरायला लागला. मालननं सवयीनं घरातले सगळे दिवे मालवले, एकच ठेवला आणि त्याच्याखाली पाण्यानं भरलेली परात ठेवली. गावात सगळ्याच घरी असं करतात. थोड्या वेळानं परातीत नुसते पंख तरंगत होते. शेजारी तातू परबाच्या घरातला दिवा जळतच होता. म्हणजे वाळवी फक्त आपल्याच घरात आहे, हे कोचरेकरांच्या लक्षात आलं आणि त्यांचे कान तापले.

लाज वाटायला कारण होतं. काही वर्षांपूर्वी ह्याच तातू परबाच्या माजघरात वाळवी लागली, तेव्हा देवळातल्या बैठकीत, चार माणसांसमोर कोचरेकर त्याला म्हणाले होते, "परब, वाळवी घराला लागत नाही, आळसाला लागते." लोक हसले होते. परबही हसला होता, आणि मग बराच काळ तो बैठकीला आला नव्हता. आता कुठल्या तोंडानं सांगायचं? कोचरेकर मूग गिळून बसले.

मग नागपंचमी आली. आंबेखोलात त्या दिवशी प्रत्येक घरचा पाट गणपतीच्या शाळेत पोचवतात. शाळा म्हणजे जगू मेस्त्रीची मूर्ती घडवायची माडी. तिथं त्या-त्या घरच्या पाटावरच त्या-त्या घरचा गणपती बसता होतो आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी पाटासकट घरी येतो. मूर्ती दरवर्षी नवी, पाट मात्र बापाचा, आज्याचा. कोचरेकरांचा पाट फणसाचा होता. माळ्यावरून काढला तेव्हा तो त्यांच्या हातात आला आणि हाताला काहीच लागलं नाही. पाटाचा लाल रंग तेवढा होता, कडेच्या पिवळ्या वेलबुट्टीसकट.

"नवो पाट करून घेवया," मालन म्हणाली.

"आज नागपंचमी. आज सुतार हत्याराला हात लावत नाही."

"मगे उद्या घेवया. जगू काय नाय म्हणाचो नाय."

"आणि जुना काय झाला म्हणून लोक विचारतील."

"इचारूदेत."

कोचरेकरांनी लाल रंगाचा डबा उघडला आणि पाटाला आणखी एक हात दिला. वाळल्यावर पाट वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर नारळ ठेवला, वर उपरणं घातलं आणि ते निघाले. मालन दारात उभी होती. दाराला टेकायची सोय नव्हती, म्हणून नुसतीच उभी होती.

जगू मेस्त्रीनं पाट दोन्ही हातांनी घेतला आणि कपाळाला लावला. "हलको झालो मां ओ?"

"फणस वाळला," कोचरेकर म्हणाले.

"वाळतलोच. किती वर्सां झाली." जगूनं तो मधल्या रांगेत, परबाच्या पाटाला लागून ठेवला. दोन्ही पाटांमध्ये बोटभर जागा ठेवावी असं कोचरेकरांना सांगायचं होतं. त्यांनी घसा खाकरला आणि ते हवामानाबद्दल बोलले.

परत येताना त्यांना टाचेला काही तरी ओढल्यासारखं वाटलं. वळून पाहिलं तर त्यांच्या मागून मातीची एक बारीक नळी आली होती. वाळवी भिंतीवर करते ना, तशीच ओलसर, दाणेदार. घराच्या उंबऱ्यातून निघून, ते चालले होते त्या वाटेनं, पाणंदीतून, पुलावरून ती थेट शाळेच्या पायरीपर्यंत गेली होती. सकाळपर्यंत ती मनगटाएवढी झाली. कोचरेकरांनी दारांचा उरलेला निळा रंग घेतला आणि ते ती रंगवायला बसले. पुलापर्यंत रंगवून होतंय तोच तातू परब आला.

"ह्यां काय ओ, कंट्रोलर?"

"नळपाणी योजना."

"आणि पाणी कधी येतला?"

"लवकरच येत आहे," कोचरेकर म्हणाले. "कृपया सहकार्य करावे."

परबानं सहकार्य केलं. सगळ्या गावानं केलं. ज्याचा-ज्याचा पाट शाळेत होता त्याच्या-त्याच्या घराकडे नळीला फाटा फुटला आणि तो उंबऱ्याखालून आत गेला. आपल्याही घरी योजना आली म्हणून लोकांना आनंद झाला. कुणी फाट्याला झेंडूची माळ घातली. बायका कळश्या घासूनपुसून नळीच्या टोकाशी मांडून ठेवायला लागल्या. नळीला कान लावला की आत सळसळ ऐकू यायची. "येताहा, येताहा," म्हणत पोरं नाचायची. कोचरेकर रोज रंगाचा डबा घेऊन गावभर हिंडायचे, आणि लोक त्यांना हाका मारून चहा द्यायचे. इतका मान त्यांना स्टँडवरही कधी मिळाला नव्हता. रात्री ते कुशीवर वळून पडायचे, बायकोकडे पाठ करून.

मालनचं लक्ष त्या पाठीकडेच होतं. एका दुपारी आंघोळीनंतर ती त्यांची पाठ पुसत होती. ती थांबली.

"हयसर रंग सुटलोहा," ती म्हणाली.

"कुठे?"

"पाठीर." तिनं बोट लावलं. बोट कुठे टेकलं नाही.

कोचरेकरांनी छातीवर हलकेच वाजवून पाहिलं. रिकाम्या खोक्यासारखा आवाज आला. त्या दिवसापासून ते खोकायचे थांबले. जिन्यावरून उतरताना कठड्याला धरेनात, कारण कठडा तुटेल की आपण, याचा त्यांना अंदाज येईना.

"जगूक जावन सांगा," मालन म्हणाली. "गणपती अजून वले आसत, सुकूक नाय. अजून पाट बदलूक येतत. त्या गरिबाच्या नावाक बट्टो लागात."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर कोचरेकरांना बरं वाटलं असतं. त्यांनी घामाच्या दिवसांत फुल हाताचा शर्ट घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि ते शाळेत गेले.

जगू एकटाच होता. मूर्ती पांढऱ्या झाल्या होत्या, डोळे अजून काढायचे होते. सगळे गणपती रांगेत, न पाहता बसलेले. जगूनं दार आतून लावून घेतलं आणि कोचरेकरांचा हात धरला. सांभाळूनच धरला, ओली मूर्ती धरावी तसा.

"कंट्रोलर, बरा झाला तुमी इलात. मी कोणाकडे बोलू?" तो म्हणाला. "शाळेत वाळवी इली. सगळे पाट गेले. माझ्या बापाशीच्या वेळेक सुदिक कधी इली न्हवती. काय चुकला माझा, समजणा नाय. लोकांनी बापाशीचे पाट माझ्या हातात दिले, आणि मी..." हातातली कुंचली तो नुसतीच पाण्यात हलवत राहिला.

कोचरेकरांनी तोंड उघडलं. जिभेवर वाक्य तयार होतं, अगदी छोटं.

"कोणाक सांगू नकात," जगू म्हणाला. "गावात तुमी एकटेच समजूतदार. तुमच्या पोटात रवतला म्हणान सांगलंय."

"नाही सांगणार," कोचरेकर म्हणाले.

"तुमच्याकडे रंग असा मां? पाटांका एक हात मारतंय. तवसर निभावतला."

कोचरेकरांनी घरी जाऊन लाल रंगाचा डबा आणून त्याला दिला. जगूनं त्यांच्या पायाला हात लावला. त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर कोचरेकर बिनतक्रार आत गेले असते. जमीन घट्ट होती. ते घरी आले. मालननं पान वाढलं.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी, तिन्हीसांजेला, सगळा गाव टाळ घेऊन शाळेत आला. माडीवर बत्त्या लावल्या होत्या. गणपतींना डोळे आले होते. गजर झाला आणि पहिला मान म्हणून तातू परब आपल्या पाटाशी वाकला. त्यानं दोन्ही हात पाटाखाली घातले आणि उचलले. हात पाटातून वर आले. ओला लाल रंग त्याच्या कोपरापर्यंत लागला. गणपती होता तिथंच, तेवढ्याच उंचीवर बसून राहिला, पाटाच्या रंगावर.

टाळ थांबले. दुसऱ्यानं आपला पाट चाचपला, मग तिसऱ्यानं. सगळ्यांचे हात लाल झाले.

"जग्या," परब म्हणाला, "ह्यां काय केलंस? माझ्या आज्याचो पाट तो."

"रंग मारून ठेवलो रे ह्येनी!" मागून कुणी तरी ओरडलं. "समजान उमजान!"

"कुलूप घाल शाळेक. फुडल्या वर्सापासून कोण पाट देवचो नाय तुका."

जगू मेस्त्री मान खाली घालून उभा राहिला. मग त्यानं मान वर केली आणि गर्दीतून कोचरेकरांकडे पाहिलं. समजूतदार माणसानं एखादा शब्द टाकावा, एवढंच त्याच्या डोळ्यांत होतं. लोकही कोचरेकरांकडे वळले. त्यांच्या डोक्यावर एक बत्ती टांगलेली होती.

"बोला," मालन मागून म्हणाली. "आता तरी बोला."

कोचरेकरांनी तोंड उघडलं आणि कित्येक वर्षांनी त्यांना आपली भाषा आठवली. "पाट माझो होतो," ते म्हणाले. तोंडातून पंख फुटलेली वाळवी बाहेर पडली. चार-पाच होती. ती बत्तीभोवती एकदा फिरली.

"वाळवी माझ्या घरची," ते म्हणाले, आणि मोठा लोट निघाला.

"बत्त्यो मालवा!" परब ओरडला. सवयीनं सगळ्यांचे हात चालले. एकामागून एक बत्त्या गेल्या. राहिली ती कोचरेकरांच्या डोक्यावरची, कारण एक ठेवावीच लागते. जगू मेस्त्री धावत गेला आणि कुंचल्या धुवायचं पाण्याचं घमेलं घेऊन आला. त्यानं ते कोचरेकरांच्या हनुवटीखाली धरलं.

"जगू, तुझा काय एक चुकला नाय," कोचरेकर म्हणाले. ते शब्द बत्तीला आपटले आणि घमेल्यात पडले. "मी रंग मारलंय. मी तुका फसवलंय." तेही पडले.

"बोला, बोला," जगू म्हणाला, आणि दुसऱ्या हातानं त्यांची पाठ चोळू लागला, हलक्या हातानं, बोटं आत जाऊ नयेत अशी. "सगळी जावंदेत. बरा वाटात."

"तातू, तुका मी देवळात बोललंय..." घमेल्यातलं पाणी पंखांनी झाकून गेलं होतं. अंधारात गाव दाटीवाटीनं उभा होता, श्वास धरून, लाल हात अंगापासून लांब ठेवून.

"संपली काय रे?" परबानं अंधारातून विचारलं.

"नाय," जगू म्हणाला. "अजून येतत." त्यानं घमेलं खिडकीतून रिकामं केलं, नवं पाणी भरलं आणि पुन्हा हनुवटीखाली धरलं.