न नांगरलेला पट्टा

भावाने नांगरणी केली ती अगदी चोख. तेच वाईट झालं. अंगचोरपणा केला असता, तर एखादा कोपरा तरी वाचला असता.

आईला जाऊन अकरा दिवस झाले होते. बहीण हॉस्पिटलची कागदपत्रं आणायला दोन दिवस शहरात गेली आणि परत येऊन बघते तो तिचा पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत उलथलेला. गाढवाचा नांगर फिरला असं लोक नुसतं बोलायला म्हणतात. इथे भावाने भाड्याचा ट्रॅक्टर आणला होता.

शेताचे दोन भाग होते. एकात दरवर्षी नांगर चालायचा. दुसऱ्याला, म्हणजे तिच्या पट्ट्याला, अकरा वर्षं लोखंड लागलेलं नव्हतं. पेरणीसुद्धा काठीने भोकं पाडून. जमीन हलवली नाही तर तिच्यावर राहणारे किडे किती वाढतात, हे संशोधन केंद्राला बघायचं होतं, आणि मोजायचं काम बहिणीचं. काठापर्यंत जमिनीत पुरलेले प्लास्टिकचे पेले आठवड्याने वर काढायचे, आत पडलेले भुंगेरे, कोळी, गोमी चिमट्याने वेगळ्या करायच्या. शेजारीपाजारी तिला किडेवाली म्हणत. वर्षाला एक, अशी बारावी आणि शेवटची मोजणी याच महिन्यात होती.

"ट्रॅक्टर आलाच होता," भाऊ म्हणाला. "म्हटलं, तुझं तेवढंच काम हलकं होईल."

"बरं," ती म्हणाली आणि चहाचं भांडं घासायला गेली. राग यायला हवा होता, हे तिला कळत होतं. भांडं स्वच्छ झालं तरी ती घासतच होती.

मोजणी चुकवून चालणार नव्हतं. तिने नेहमीप्रमाणे वीस पेले पुरले. आठवड्याने भाऊ बरणी धरून मागे उभा राहिला आणि ती गुडघ्यांवर एकेक पेला उपसत गेली. मुंग्या होत्या; मुंग्या काय, कुठेही येतात. बाकी सगळे मिळून सतरा. गेल्या वर्षी याच पट्ट्यात दोनशे बारा होते. तिने पुन्हा मोजले. सतराच.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती तक्ता भरायला बसली. भाऊ समोर बसला, अपराधी पोराने बसावं तसा.

"गेल्या वर्षीचाच आकडा टाक ना, ताई. किडे काय साक्ष द्यायला येणार आहेत?"

तिने सतरा लिहिलं. खाली एक रकाना होता, बदल झाला असल्यास कारण लिहा. तिथे पेन थांबलं.

"खरं सांग. का नांगरलंस?"

तो बराच वेळ टेबलावरचा डाग नखाने खरवडत राहिला. "आईने सांगितलं होतं. हॉस्पिटलात. म्हणाली, मी गेल्यावर तेवढा तुकडा नांगरून टाक. लोक हसतात. पोरीचं रान पडीक दिसतं, मला बघवत नाही."

"मला का नाही म्हणाली? रोज मीच तर असायचे जवळ."

"तुला वाईट वाटेल म्हणाली."

दर मोजणीला आई दारातच विचारायची, किती सापडले गं? आणि ही हात धुण्याआधीच सांगत सुटायची: एवढे भुंगेरे, एवढे कोळी, एक नवीनच जातीची गोम. आई ऐकून घ्यायची, "अगंबाई!" म्हणायची. अकरा वर्षं तिला वाटत आलं होतं की आईला त्याचं कौतुक आहे.

"माझं नाव लिहिणार का?" भावाने हळूच विचारलं.

"नाही." रकान्यात तिने लिहिलं: घरच्यांच्या इच्छेवरून. मग तक्त्याची घडी घालून पाकिटात ठेवली.

आई गेली त्या दिवसापासून तिला काहीच वाटलं नव्हतं, रडूसुद्धा आलं नव्हतं. आता पहिल्यांदा काहीतरी वाटलं, आणि तो आईवरचा राग होता.