सहा आठवडे नुसते पाणी

माझ्या डाव्या काचेवर, तळापासून पंचवीस सेंटीमीटर उंचीवर, एक पांढरी रेघ आहे. ती अर्धा मिलिमीटर जाड असेल. मागच्या कोपऱ्याकडे ती थोडी वर जाते, कारण माझ्याखालचे टेबल त्या बाजूला किंचित खचलेले आहे. पाणी उडून गेले की त्यातले क्षार मागे राहतात. व्हिनेगर लावून घासली तर रेघ फिकी होते, पण जात नाही.

मित्रांनो, अशी रेघ पडलेली मी एक जुनी काचेची टाकी आहे. लांबी साठ सेंटीमीटर, रुंदी तीस, उंची तीस. माझा जन्म कणकवलीत बाबलीच्या दुकानात झाला. बाबली मासे विकतो आणि टाक्याही स्वतःच बनवतो. त्याने पाच काचा कापल्या, कडा घासल्या, काळ्या सिलिकॉनने जोडल्या आणि चिकटपट्टी लावून मला दोन दिवस तसेच ठेवले. मग काठोकाठ पाणी भरून खाली वर्तमानपत्र पसरले. सकाळी कागद कोरडा होता. त्या कोरड्या कागदाखेरीज माझ्याकडे जन्माचा दुसरा दाखला नाही.

पहिली चार वर्षे मी मालवणात एका ब्युटी पार्लरमध्ये होते. माझ्यात गप्पी मासे होते आणि तळाला निळे खडे. आपली पाळी येईपर्यंत बायका माझ्याकडे बघत बसायच्या. "किती गो सुंदर," असे म्हणायच्या. पुढे पार्लर बंद झाले आणि बाबलीने मला परत नेले. दोन वर्षे मी त्याच्या दुकानात वरच्या फळीवर पडून होते. माझ्यात पाइपांची भेंडोळी आणि खाद्याची रिकामी पाकिटे होती. वाईट वाटले का, असे मला विचाराल, तर नक्की सांगता येणार नाही. काचेतून उजेड आरपार जातो. बाकीच्या गोष्टींचेही तसेच होत असावे.

मार्चमध्ये एक कुटुंब दुकानात आले. मॅन्युएल, त्यांची बायको इमेल्डा आणि मुलगी ॲश्लिन. घर आचऱ्याचे. मॅन्युएल चाळीस वर्षे बंदरावर माशांचा लिलाव पुकारत असत. टोपलीकडे एकदा बघायचे आणि भाव बोलायचा, मध्ये एका श्वासाचेही अंतर नसे, असे बाबली त्यांच्यासमोरच दुसऱ्या गिऱ्हाईकाला सांगत होता. आदल्या ऑक्टोबरमध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणे सुधारले, पाय काठीच्या आधाराने चालू लागला, पण डाव्या हातात स्पर्श परतला नाही. दिवसभर ते भिंतीकडे बघत बसत. डोळ्यांसमोर काहीतरी हलते ठेवा, असे डॉक्टरांनी सुचवले होते. म्हणून ते आले होते. बाबलीने मला खाली उतरवून पुसले.

"मासे तुमीच निवडा, पप्पा," ॲश्लिन म्हणाली. ती कणकवलीतच एका प्रयोगशाळेत रक्त-लघवीच्या तपासण्या करते. त्या दिवशी तिला फोन आला आणि ती बाहेर गेली. ती आत असती तर पुढचे कदाचित घडले नसते.

मॅन्युएल प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून एकेक टाकी बघू लागले. नजर बाजारातलीच होती. आधी डोळा, मग कल्ले, मग पोट.

"ह्याचे कल्ले दाखय," ते बाबलीला म्हणाले.

"काका, हयसर कल्ले उघडून दाखवणत नाय," बाबली हसला. "बर्फ नाय, काय नाय. सगळे ताजे!"

मॅन्युएलही हसले. इमेल्डा त्यांच्याकडे बघतच राहिली. मग त्यांनी काठीने दाखवले. दोन मोठे गोल्डफिश आणि एक चंदेरी मासा, ज्याला दुकानात शार्क म्हणतात. तो शार्क नसतो. नदीतला मासा असतो आणि वाढत वाढत माणसाच्या अख्ख्या पायाएवढा लांब होतो.

"ह्या तिघांत अंग आसा," मॅन्युएल म्हणाले. "बाकीचो सगळो केरकचरो."

"कालवण करूचा नाय आसा मरे!" इमेल्डा म्हणाली.

"बरो मासो तो बरोच. ताटात काय नि टाकीत काय."

बाबलीने शार्ककडे आणि मग माझ्याकडे बघितले. मासे त्याने पिशवीत भरले.

आचऱ्याला पोचल्यावर मला खिडकीशेजारी ठेवले. विहिरीचे पाणी ओतले आणि अर्ध्या तासात मासे सोडले. ॲश्लिन शनिवारीच घरी येते, त्यामुळे ते कोणी तिला विचारले नाही. शार्क सारखा माझ्या काचेवर तोंड आपटत होता. माझी लांबी त्याला शेपटीच्या तीन झटक्यांची होती. मॅन्युएल पहिले तीन दिवस खूश होते. चौथ्या दिवशी पाणी गढूळ झाले. आठव्या दिवशी शार्क तळाला आडवा पडला. नंतर एक गोल्डफिश. दुसरा पृष्ठभागाला तोंड लावून दोन दिवस टिकला.

मधल्या शनिवारी ॲश्लिनला यायला जमले नव्हते. पुढच्या शनिवारी तिने बाटलीत माझे पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकले. पाणी पिवळे राहायला हवे होते. ते गडद हिरवे झाले.

"अमोनिया," ती म्हणाली. "त्यांच्याच घाणीन मेले. टाकी लहान, मासे मोठे, नि पाणी कोरा. पप्पा, तुमची चूक नाय, माका फोन ठेवन आत येऊक होया होता."

मॅन्युएलांनी बाटली उजेडाकडे धरून बघितली.

"चाळीस वर्सां मी मासो वळखलंय," ते म्हणाले. "मेलेलो."

त्यानंतर त्यांनी काही ठरवणे सोडून दिले. झटक्यानंतर त्यांनी स्वतःहून घेतलेला तो पहिला निर्णय होता, आणि तो माझ्यात तळाला पडलेला सगळ्यांनी पाहिला होता. चहा की पेज? "कायव." खिडकी उघडू की नको? "कायव चलात." हाताचा व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या मुलीने विचारले, आज चेंडू घेऊ या की टॉवेल? "तुका होया ता कर." एकदा दोन शर्ट हातात घेऊन इमेल्डा त्यांच्यासमोर उभी राहिली. शेवटी तिने दोन्ही शर्ट कपाटात ठेवले आणि ते दिवसभर बनियनवर बसून राहिले. ते रागावलेले नव्हते. दुःखी आहेत असेही म्हणता आले नसते. कधी जाता जाता ते डावा हात माझ्या काचेवर टेकवत. मी थंड आहे हे त्या हाताला कळत नसे, आणि तो गरम आहे का ते मला कळत नसे.

"आपणच हाडूया चार मासे नि सोडूया," ॲश्लिन आईला म्हणाली.

"नको," इमेल्डा म्हणाली. "शर्ट मी निवडीन, जेवान मी ठरवीन. मासे नाय. ते सांगीपर्यंत टाकी अशीच रवतली."

"आणि सांगूकच नाय तर?"

इमेल्डाने कोपऱ्यातली केरसुणी उचलली. ती केर काढू लागली.

तर मासे नाहीत, पण पाणी तयार करू या, असे ॲश्लिनने ठरवले. तिने मला धुतले, बारीक वाळू घातली, गाळणी बसवली. विहिरीत ग्रामपंचायतीने ब्लीचिंग पावडर टाकली होती, म्हणून क्लोरीन उडून जाण्यासाठी पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवून मगच ओतले. वाळू वगळता चाळीस लिटर. मग रोज त्यात माशांच्या खाद्याची एक चिमूट टाकायची. खाद्य कुजते, अमोनिया होतो, आणि तो खाणारे जीवाणू वाळूत नि गाळणीत हळूहळू वाढतात. त्यांना पाच-सहा आठवडे लागतात. चिमूट टाकण्याचे काम मॅन्युएलांकडे आले, तेही डाव्या हाताने. निम्मे खाद्य टेबलावर सांडायचे.

शेजारची रुक्मिणी दारातून बघून गेली. "इमेल्डा, भुतांका जेवान घालतंस काय गो?"

"होय," इमेल्डा म्हणाली. "तुज्याकडे येवचे नाय म्हणान हयसर जेवक घालतंय."

दर शनिवारी थेंब टाकले जात. हिरवे, अधिक हिरवे, मग फिके. जीवाणू अमोनियाचे जे नायट्राइट करतात ते दाखवणाऱ्या दुसऱ्या बाटलीत जांभळे, अधिक जांभळे, मग आकाशी. माझ्यात हलणारे काही दिसत नव्हते. कोणी खोलीत आले असते, तर मी रिकामी आहे असेच म्हणाले असते. सहाव्या शनिवारी एक बाटली पिवळी राहिली आणि दुसरी आकाशी. पाणी तयार झाले होते.

मित्रांनो, माझी तुम्हाला विनंती आहे. टाकी घरी आणाल त्या दिवशी मासे आणू नका. दुकानात मासा लहान दिसतो तो बहुधा पिल्लू असतो, म्हणून तो वाढून केवढा होईल हे विचारा. तुमच्या टाकीत पाणी किती मावते ते मोजा. दाटी करू नका. मला बोलता येत असते तर मार्चमध्येच मी हे सांगितले असते. फळीवर पडून राहण्यापेक्षा माझ्यात मेलेले मासे अधिक जड होते.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, चर्चमधल्या मिस्सेनंतर ॲश्लिनने बाबलीला बोलावले. तो थर्माकोलच्या खोक्यात तीन पिशव्या घेऊन आला आणि आत येताच आधी मॅन्युएलांसमोर उभा राहिला.

"काका, शार्क तुमका देवक नको होतो. माका तेवाच बोलूक होया होता. पण तुमका मासो कळत नाय असा म्हणाचो कोण?"

मॅन्युएलांनी नुसती मान हलवली. बाबलीने तिन्ही पिशव्या तशाच बंद माझ्या पाण्यावर तरंगत ठेवल्या. आतले नि बाहेरचे तापमान सारखे व्हायला पंधरा मिनिटे लागतात.

"आता पंधरा मिनिटां," तो म्हणाला. "मगे एक पिशवी सोडूची, दोन परत. ह्यात गोल्डफिश, बारके आसत. ह्यात गप्पी. ह्यात झेब्रे. बघा काका, लिलाव सुरू करा!"

पाच मिनिटे गेली. मॅन्युएल खुर्चीत बसून पिशव्यांकडे बघत होते. इमेल्डा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. दहा मिनिटे झाली.

"गप्पी बरे पडतले," बाबली म्हणाला. "रंगीत. महिन्यात टाकी भरान जातली."

"पप्पा, माका वाटता..." ॲश्लिनने सुरुवात केली.

"तू गप रव गो," इमेल्डा म्हणाली आणि मॅन्युएलांकडे वळली. "तुमका काय होया ता सांगा. कायव म्हणशात तर तीनय परत जातले. टाकीय त्यांच्यावांगडा जातली."

बाबलीने घड्याळ बघितले आणि मान खाली घातली. मॅन्युएल काठी टेकत उठले, माझ्यापाशी आले.

"पाणी किती?" त्यांनी विचारले.

"चाळीस लिटर," ॲश्लिन म्हणाली.

त्यांनी उजव्या हाताने गोल्डफिशची पिशवी थोडी दाबली. "हे वाढान केवढे?"

"वीतभर," बाबली म्हणाला.

त्यांनी ती पिशवी कोपऱ्यात सारली. "गप्पी?"

"बोटाएवढे. पण पिल्लां लय."

तीही सारली. तिसऱ्या पिशवीत राखाडी, निळ्या पट्ट्यांचे मासे होते. दिसायला साधे. तोंडे एकाच दिशेला करून ते न थांबता फिरत होते. मॅन्युएल वाकून त्यांच्याकडे बघत राहिले. डोळा नाही, कल्ले नाहीत, पोट नाही. ते कसे फिरतात, वळताना किती जागा घेतात, ते बघत होते. माझ्या काचेवर त्यांचा श्वास उमटला.

"हे दोन पेरांपेक्षा मोठे होवचे नाय," बाबली म्हणाला. "चाळीस लिटराक आठ म्हणान धरलंय, दहा घातलंय. दोन वरचे, माज्याकडसून."

मॅन्युएल सरळ उभे राहिले. आवाज खणखणीत निघाला, रुक्मिणीच्या अंगणापर्यंत जाईल इतका.

"झेब्रे. आठ. वरचे दोन परत व्हर, हयसर पाणी आठांचाच आसा."