करंगळीची जागा

मी हॉलिस प्रुएटची गिटार बोलतेय. वय चव्वेचाळीस. अंगावर एकवीस जणांची नावं आहेत आणि पोटावर एक टक्कल. नावांचा किस्सा सांगायचाय, पण सुरुवात टकलापासूनच करावी लागेल.

मला घडवलं टेनेसीच्या डोंगरात, एका सुताराने. एरवी हा गृहस्थ स्वयंपाकघरातली कपाटं करायचा. माझ्या बदल्यात हॉलिसने त्याला दोन डुकरं दिली. त्यातलं एक लंगडं निघालं, म्हणून सुतार मरेपर्यंत त्याला टोमणे मारत होता.

हॉलिस दिवसभर ट्रॅक्टर दुरुस्त करायचा आणि संध्याकाळी घराच्या पायरीवर बसून मला मांडीवर घ्यायचा. वाजवताना उजवी करंगळी माझ्या पोटावर टेकवायची त्याची सवय. त्या ठिकाणचं आधी रोगण गेलं, मग लाकूड झिजून खोलगट झालं.

"भोक पाडशील तिला एक दिवस," त्याची बायको व्हर्ना म्हणायची.

"मग त्यात शेंगदाणे ठेवू," हा म्हणायचा.

मग एका वसंतात त्याची पाठ दुखायला लागली. ट्रॅक्टरखाली आडवं पडून पाठ दुखणारच, असं सगळे म्हणाले, तोही म्हणाला. दुखणं पाठीचं नव्हतं, स्वादुपिंडाचं होतं. कॅन्सर सापडला तेव्हा फार उशीर झाला होता. अकरा आठवड्यांत सगळं आटोपलं. व्हर्नाने मला पेटीत ठेवलं आणि चौदा महिने झाकण उघडलं नाही. मला तिचा राग आला नाही. दुःख माणसाला कुठेतरी बंद करावंच लागतं.

पण व्हर्ना रडत बसणारी बाई नव्हे. या आजारावर संशोधन करणाऱ्यांसाठी तिने कंट्री गाण्यांची मैफल ठरवली, शाळेच्या बास्केटबॉलच्या हॉलमध्ये, शनिवारी दुपारी. "माझ्या नवऱ्याचं कळलं नाही ते नाही. दुसरीच्या नवऱ्याचं तरी वेळेत कळू दे," एवढंच ती फोनवर सांगायची. तेवढ्यावर नॅशव्हिलहून, या गाण्यांच्या माहेराहून, नावाजलेले कलाकार फुकट यायला तयार झाले.

मैफलीच्या शेवटी हॉलिसने रचलेलं गाणं त्याची मुलगी मारिबेथ माझ्यावर वाजवून म्हणणार होती. तो गेल्यापासून ते कुणी म्हटलं नव्हतं. त्यासाठी व्हर्नाने मला पेटीतून बाहेर काढलं.

"आणि चुकले तर?" मारिबेथने विचारलं.

"तुझे बाबा दर शनिवारी चुकायचे. चुकलं की आणखी मोठ्याने गायचे."

आता घोटाळा ऐका. आमच्याकडे अशा मैफलीत एका नव्या, स्वस्तातल्या गिटारवर सगळे कलाकार सह्या करतात आणि मग तिचा लिलाव होतो. ती नवी गिटार टेबलाखाली खोक्यातच राहिली होती. तिच्यासाठी ठेवलेल्या स्टँडला जांभळी फीत बांधलेली होती. हॉलभर लोकांनी या आजाराची खूण म्हणून जांभळे रुमाल बांधले होते. मारिबेथला वाटलं, ही फीत बाबांसाठीच. तिने मला तिथे उभं केलं आणि ती 'पाय' कापायला गेली, म्हणजे भट्टीत भाजलेला सफरचंदाचा गोड पदार्थ. आमच्या भागात तो नसेल तर कुणी मयतालासुद्धा येत नाही.

कलाकार रांगेने आले आणि काळ्या पेनाने माझ्या अंगावर सह्या करू लागले. मला गुदगुल्याही होत होत्या आणि धडकीही भरली होती. बोलता येत असतं तर ओरडले असते. एका म्हाताऱ्या वादकाने माझं टक्कल पाहिलं आणि त्यावर अंगठा ठेवला.

"इथे कुणी लिहू नका. ही कुणाच्या तरी करंगळीची जागा आहे," तो म्हणाला आणि शेवटची सही होईपर्यंत त्याने अंगठा हलवला नाही. त्या माणसाचे उपकार माझ्याने फिटायचे नाहीत.

शेवटच्या गाण्याआधी लिलाव पुकारणाऱ्या ग्रेडीने मला व्यासपीठावर उंच धरलं. पहिल्या रांगेत मारिबेथ पांढरीफटक पडली आणि उठायला लागली. व्हर्नाने तिचं मनगट धरलं.

"आई, ती बाबांची आहे."

"दिसतंय मला. बस खाली. पुकारलेली वस्तू मागे घेतात का? तुझ्या बाबांनी घेतली असती?"

तिचा आवाज शांत होता. ती मला सोडून देत होती, फोनवर म्हणायची त्या दुसरीच्या नवऱ्यासाठी.

बोली चढत गेली आणि मी पडले बर्लच्या पदरात. हा गुरांची पेंड आणि खुराक विकणारा, पक्का कवडीचुंबक. हॉलिसच्या वाजवण्याला तो जन्मभर 'कुंपणाच्या तारा खाजवणं' म्हणत आला होता. मला न्यायला तो वर आला, टक्कल पाहिलं आणि थबकला.

"ग्रेडी, चष्मा घरी विसरलास का? ही हॉलिसची आहे." मग घसा साफ करून म्हणाला, "पैसे माझे घे. आणि परत विक."

आमच्याकडची ही रीत आहे. मदतीच्या लिलावात घेतलेली वस्तू परत द्यायची, म्हणजे ती पुन्हा विकता येते. एकदा सफरचंदाचा एक 'पाय' सहा वेळा विकला गेला होता, कापेपर्यंत शिळा झाला. मी त्या दिवशी पाच वेळा विकले गेले. पाचव्यांदा त्या म्हाताऱ्या वादकाने घेतलं. ग्रेडीने पुन्हा हातोडा उचलला, तेव्हा बर्ल खालूनच खेकसला, "आता पुरे. ज्याची वस्तू त्याच्या घरी जाऊ दे."

म्हाताऱ्याने खाली उतरून मला मारिबेथच्या मांडीवर ठेवलं. व्हर्ना तोंडावर रुमाल धरून रडली, चौदा महिन्यांत पहिल्यांदा चारचौघांत. मग म्हणाली, "वाजव आता. लोक थांबलेत."

मारिबेथ दुसऱ्याच ओळीला चुकली आणि आणखी मोठ्याने गायली. बर्ल रुमालात नाक शिंकरत होता, तेही तालात नाही.

मी आता दिवाणखान्यात असते, पेटीबाहेर. टक्कल अजून कोरं आहे. मारिबेथचा हात लहान, तिची करंगळी तिथवर पोचत नाही. ती बोटभर वर टेकते, नॅशव्हिलच्या सगळ्यात मोठ्या गायकाच्या सहीवर. अर्धं नाव झिजलंय.

"अगं, एवढ्या मोठ्या माणसाचं नाव पुसतेयस," व्हर्ना परवा म्हणाली.

"पुसू दे," मारिबेथ म्हणाली आणि वाजवत राहिली.

ज्यांनी मला विकत घेऊन परत दिलं, त्या पाचही जणांची मी ऋणी आहे. एकच मागणं आहे, मला पुन्हा पेटीत बंद करू नका. माझ्या पोटावर दुसरं टक्कल पडायला लागलंय, ते मला पुरतं पडलेलं बघायचंय.