कोरी ठेवायची काच

काचा कोऱ्या निघाल्या. एकीमागून एक, साऱ्या. माशाच्या पिल्लाचं इवलंसं हृदय सूक्ष्मदर्शकाखाली लख्ख दिसत होतं, पण जिथे जांभळा रंग चढायचा तिथे नावालाही रंग नव्हता. हे शेवटचे काप. यांत रंग दिसला तरच तिच्या कामाला मुदतवाढ मिळणार होती. नाहीतर गाशा गुंडाळायचा.

तिला वाईटही वाटेना. आई गेल्यापासून हे असंच. हात कामाला लागलेले, पाय वाटेला लागलेले, आणि मन बर्फाच्या डब्यात खोचलेल्या नळीसारखं गार.

"वा! कोरेपणाला पदक असतं तर तुलाच मिळालं असतं," काचकाका मागून डोकावत म्हणाले. काप कापून काचेवर चढवण्यात त्यांचा जन्म गेला होता. खरं नाव आता फक्त हजेरीला लागायचं.

"हं," ती म्हणाली.

"हं काय? पूर्वी अशी खेकसायचीस की माझ्या हातातली काच सुटायची. कंट्रोलची पाहिलीस?"

"ती कोरीच असते, काका. बघायचं काय त्यात?"

"कोरी असते म्हणूनच बघायची असते, पोरी."

तसं काम साधं होतं. डीएनएचे धागे दोन, एकमेकांना बिलगून बसलेले. जनुक वाचायची वेळ आली की तेवढ्यापुरते सुटतात, आणि त्यांतला एकच वाचला जातो, साच्याचा. त्याच्यासमोर एकेक अक्षर जोडीनं जुळवत आरएनएचा निरोप तयार होतो, साच्याच्या बरोब्बर उलट. म्हणून निरोपाचं रूप दुसऱ्याच धाग्यावर जातं, ज्यानं इकडची काडी तिकडे केलेली नसते. साचा मुकाट मिटतो, जागेवर बसतो. निरोपात त्याचा चेहरा कुठेच नाही, आणि त्याच्यावाचून निरोपही नाही.

पेशीतला हा निरोप हुडकायला ती प्रोब बनवायची, म्हणजे आरएनएचाच खुणेचा तुकडा. प्रोब निरोपाच्या उलट हवा, तरच चिकटतो आणि रंग धरतो. त्यासाठी जनुकाचा तुकडा उलट्या टोकाकडून उतरवायचा, म्हणजे एरवी रिकामा बसणारा धागा साचा होतो. सरळ टोकाकडून उतरवलेला प्रोब निरोपासारखाच असतो. सारख्याला सारखं चिकटत नाही. तो कंट्रोलच्या, म्हणजे पडताळ्याच्या, एकुलत्या काचेवर घालायचा, आणि ती कोरी राहिली पाहिजे.

तिनं कंट्रोलची काच सरकवली, डोळा लावला.

हृदयाचे दोन्ही कप्पे जांभळे. कडेकडेनं गडद, आत फिकं होत गेलेलं.

"टोकांची अदलाबदल केलीस ना? खरा प्रोब या काचेवर पडलाय," काका म्हणाले.

"केली असणार. आठवत नाही."

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम आल्या, वाकून बराच वेळ बघत राहिल्या. "एक काप पुरे आहे. बाकीच्या कोऱ्या आता कंट्रोल म्हणून लाव. मुदतीचं मी बघते. आणि नळ्यांवर नावं लिहीत जा गं, बाई."

"बघ, जगलीस," काका म्हणाले. "आता तरी हस."

तिनं ओठ हलवून पाहिले. जमलं नाही. पण डोळा पुन्हा त्या काचेकडेच जात राहिला.

मग बाबांचा फोन आला. याच वेळेला रोज यायचा.

"जेवलीस?"

ती रोज म्हणायची, "हो, तुम्ही?" आणि ते म्हणायचे, "हो, मीही." दोघंही धादांत खोटं. आई असती तर चाललं नसतं. बाबा म्हणायचे, भूक नाही, की आई म्हणायची, ताट वाढलंय. ही म्हणायची, उशीर होईल, की आई म्हणायची, मी जागी आहे. दोघांच्या प्रत्येक अक्षरापुढे आईचं एक उलटं अक्षर ठेवलेलं. आई गेल्यावर भेटायला येणारे म्हणाले होते, पोरगी अगदी बापावर गेलीय हो. खरंच होतं ते. तेव्हापासून दोघं सारखे एकमेकांशेजारून नुसते सरकत होते.

"अगं, जेवलीस ना?"

"नाही, बाबा."

पलीकडे मागे कुठेतरी नळ गळत होता.

"मी... मीही नाही," ते म्हणाले.

"मग भात लावा. पाणी जास्त घालू नका, लापशी होते तुमची. मी निघालेय."

"तुझी आई तेच म्हणायची," ते म्हणाले, आणि फोन ठेवायचा विसरले. तांदळाचा डबा उघडल्याचा आवाज येईपर्यंत ती कानाला लावून उभी राहिली.