खालच्या पट्ट्याची माती

मी माती तपासते आणि लोकांना उपदेशही भरपूर करते. शेतात आठ ठिकाणी खणा, कंटाळा करू नका, वगैरे. आत्याच्या शेतात मात्र मीच कंटाळा केला. ऊन मी म्हणत होतं आणि खालचा पट्टा लांब होता. शेवटच्या तीन पिशव्या मी वरच्या फाटकाजवळच्या झाडाखाली बसूनच भरल्या आणि त्यांवर बेधडक 'खालचा पट्टा' असं लिहिलं. घरचंच तर शेत, कोण विचारतंय!

अहवाल आला: माती सगळीकडे सारखी, खतही सारखंच टाका. आत्याने तसंच टाकलं, स्वतःच्या हाताने, गेली चाळीस वर्षं टाकत आली तसं.

दीड महिन्याने दादाने, म्हणजे तिच्या मुलाने, ड्रोनने शेताचा फोटो काढून घेतला. वरचं पीक हिरवंगार आणि खालचा पट्टा पिवळा पडलेला. दादाने तो फोटो आणि माझा अहवाल जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"माती सारखी आहे, हे हिने तपासलंय. म्हणजे खाली तूच हात आखडता घेतलास. आई, आता पुरे. पुढच्या हंगामापासून मी माणसं लावतो, तू आराम कर."

आत्या फोटोकडे बघत राहिली. "थकले असेन," म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "बरं झालं बाई, तू नीट तपासलंस. नाहीतर कळलंच नसतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तोंड उघडलं नाही, इतकी मी भित्री. चौथ्या दिवशी जाऊन खालची माती खरोखर काढली. रेताड, खत धरूनच न ठेवणारी. ती पिशवी घेऊन तशीच घरात गेले आणि दोघांसमोर सगळं सांगून टाकलं.

दादा मला वाट्टेल ते बोलला. ते बरंच वाटलं. मग खाली मान घालून म्हणाला, "आई, चुकलो. शेत तूच कर."

आत्या पिशवीतली माती मुठीत घेऊन चोळत होती.

"पण मला तर आठवतंय गं. त्या दिवशी पाय दुखत होते, म्हणून खाली मी भराभर उरकलं. मूठही कमी भरली."

"आत्या, तसं काही झालंच नाही. माझ्या अहवालामुळे तुला तसं वाटतंय."

"असेल." तिने माती पुन्हा पिशवीत टाकली. "तरी शेत दादालाच करू दे. माझा माझ्यावर भरवसा उरला नाही."