वरून काही मिळणार नाही

तळेगावातल्या प्रभाकररावांच्या घराण्यात पोरांना दुकानदारी शिकवायची एकच रीत होती. मिसरूड फुटलं, की लसणाचं पोतं देऊन पोराला आष्टीच्या बाजारात बसवायचं. नफा झाला तर तो त्याचा. नफ्याची चव एकदा लागली, की पोरगं आपोआप शहाणं होतं, असं प्रभाकरराव छातीठोकपणे सांगत. ते स्वतः असेच शहाणे झाले होते आणि त्या शहाणपणाचा ताप त्यांच्या पत्नी शोभाबाई संसारभर सोसत आल्या होत्या.

त्यांचा मुलगा पियुष मात्र दर वेळी पोतं लुटवून परत यायचा. जो मागेल त्याला, मागेल तेवढं. बक्षीस देऊन झालं, मारून झालं, उपाशीही ठेवून झालं. पुढे विशीत त्याला कानात आवाज ऐकू येऊ लागले, तेव्हा सासरची माणसं शोभाबाईंच्या नावानं बोटं मोडू लागली. म्हणे, आईकडचं रक्त. नवऱ्यानं ते एका शब्दानंही खोडून काढलं नाही, हे त्यांच्या जिव्हारी लागलं.

२००४च्या उन्हाळ्यात नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी तिघांचंही रक्त तपासून घेतलं. पियुषच्या बाविसाव्या गुणसूत्राचा एक बारीकसा तुकडा गळालेला निघाला. आईबापांचं मात्र धड होतं, म्हणजे हा बदल पियुषपासूनच सुरू झालेला. मग बाईंनी त्याला संगणकावर एक खेळ दिला. दोन चित्रं, त्यातलं एक बहुतेक वेळा जिंकवणारं. ते कोणतं, हे त्याला फार उशिरा कळलं, आणि मधेच दुसरं चित्र जिंकवू लागलं तरी तो जुनंच चित्र दाबत राहिला.

"जिंकल्यावर मेंदूत जी खूण उमटते, ती याच्यात पुसट उमटते," बाई म्हणाल्या. "कानात आवाज येण्याच्या या आजारात पुष्कळांचं असं होतं. म्हणून तो लालूच दाखवून शिकत नाही, आणि नियम बदलले की गोंधळतो. नियम कायम असेल असं काम जमू शकेल. वेळ लागेल, आणि आवाजांवरच्या गोळ्या थांबवायच्या नाहीत."

प्रभाकररावांनी त्यातलं सोयीचं तेवढं उचललं. "म्हंजे याले नफाच कळत नाई," घरी आल्यावर ते म्हणाले. "दिवाळी झाली का याले आश्रमात नेऊन सोडू."

"माहा पोरगा कुठंच जात नाई," शोभाबाई म्हणाल्या. हे त्या इतक्या मोठ्यानं म्हणाल्या, की पुढे दुकानातलं गिऱ्हाईक आत डोकावलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघरात लसणाचे वाटे मांडले. सगळे सारखे, सगळ्यांचा भाव एक, आणि कोणी कितीही गोड बोललं तरी वरून काही टाकायचं नाही. शाबासकी नाही, रागावणं नाही. रोज तेच. कधी त्यांनाच रडू कोसळायचं. मग डोळे पुसून त्या पुन्हा गिऱ्हाईक व्हायच्या. "बाबू, वरून दोन गड्डे टाक ना." पियुष टाकायचा. पुन्हा मागितले, की पुन्हा टाकायचा. पावसाळा सरता सरता एकदा त्याचा हात थांबला.

दिवाळीच्या तोंडावर त्या त्याला आष्टीच्या बाजारात घेऊन आल्या. लोक कुरकुरले, काही तसेच निघून गेले, बरेचसे वाटा घेऊन गेले. तेवढ्यात प्रभाकरराव समोर येऊन उभे राहिले.

"मले एक वाटा दे. आन वरून दोन गड्डे टाक."

पियुषचा हात लसणाकडे गेला. मग तसाच मांडीवर परत आला.

"नाई, बाबा. सगळ्याइले सारखंच."

"बापाले बी?"

"सगळ्याइले."

प्रभाकरराव मागे बसलेल्या बायकोकडे वळले. "आज जमलं. उद्या इसरला त?"

"त उद्या पुन्हा शिकवीन. परवा इसरला त परवा. तुमी थकले असान त तुमीच जा आश्रमात."

आजूबाजूचे दुकानदार माना वळवून पाहू लागले. प्रभाकररावांच्या मागे दोन बायका पिशव्या घेऊन खोळंबल्या होत्या. पियुषनं त्यांच्याकडे पाहिलं, मग बापाकडे.

"घ्यायचं असंल त घ्या, बाबा," तो म्हणाला, "नाई त बाजूले व्हा."

प्रभाकरराव बाजूला झाले.